कॉलर पिवळी, खांदपट्टी लाल : गणवेश रंगवणारा रिखार्ट क्न्योटेल

स्प्रेकाठचा (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

बर्लिनला येऊन नऊ वर्षं झाली, पण इथल्या रविवारच्या जुन्या बाजारात गेलं की मी अजून पुण्याच्या जुन्या बाजारात असल्यासारखाच वागतो. घ्यायचं काही नसतं, भाव मात्र सगळ्याचा करायचा. गेल्या नोव्हेंबरात एका म्हाताऱ्याच्या टेबलाखाली खोक्यात सुट्या कागदांची चवड दिसली. वरच्याच कागदावर एक शिपाई : गडद निळा कोट, पिवळी कॉलर, खांद्यावर लाल पट्टी, पाठीवर कातडी पिशवी. मागे आणखी दोघं-तिघं, लहान आणि पुसट. सहा युरोला घेतला. घरी भिंतीवर लावला तर बायको म्हणाली, "बँडवाला आहे का?"

तिला उत्तर द्यावं म्हणून शोधायला लागलो आणि अख्खा हिवाळा त्यात गेला.

चित्रकाराचं नाव रिखार्ट क्न्योटेल. (जर्मन माणूस सुरुवातीचा 'क' गिळत नाही. 'क' आणि 'न' दोन्ही म्हणायचे. मला तीन दिवस लागले.) जन्म १२ जानेवारी १८५७, सायलेशिया प्रांतातल्या ग्लोगाऊ गावी. आज ते गाव पोलंडमध्ये आहे. १९४५ साली जर्मन सैन्यानं त्याचा किल्ला केला आणि लढाईत ते जवळजवळ सगळं उद्ध्वस्त झालं. क्न्योटेलला चित्रकला शिकवली ती वडिलांनीच, आउगुस्ट क्न्योटेल यांनी. पोरगा शिकता शिकताच वर्तमानपत्रांसाठी आणि पोस्टकार्डांसाठी चित्रं काढून पैसे मिळवू लागला. १८८० साली बर्लिनच्या कला अकादमीत दाखल झाला.

इथवर गोष्ट कुठल्याही चित्रकाराची वाटते. पण अकादमीतून निघालेली मंडळी राजांच्या तसबिरी आणि लढायांची भिंतभर चित्रं करण्यामागे असताना हा पठ्ठ्या बटणांच्या मागे लागला. कुठल्या साली, कुठल्या पलटणीच्या बाहीला किती बटणं, पितळी की पांढऱ्या धातूची. कॉलर उभी की दुमडलेली. टोपीवरचा तुरा डाव्या बाजूला की पुढे. मेला तेव्हा त्याच्या घरी सैन्याविषयीचे नऊ हजारांवर ग्रंथ जमले होते म्हणतात.

१८९० साली बर्लिनच्या पश्चिमेला असलेल्या राटेनो गावच्या प्रकाशकानं त्याची मालिका काढायला सुरुवात केली. विषय : सैनिकी पोशाख कसकसा बदलत गेला. मालिकेच्या उपशीर्षकातच 'सुटी पानं' असे शब्द आहेत, आणि माझ्या मते खरी गंमत तिथे आहे. शेवटी हे काम अठरा खंडांवर आणि हजारावर चित्रांवर गेलं, पण विकत घेणाऱ्याच्या हातात पडायची ती सुटी पानंच. ज्याला जे हवं ते त्यानं पुढ्यात ठेवावं.

याचं महत्त्व कळायला आधीचं एक उदाहरण सांगतो. आडोल्फ मेन्झेल हा बर्लिनचा फार मोठा चित्रकार. त्यानं थोरल्या फ्रेडरिकच्या (प्रशिया या जर्मन राज्याचा अठराव्या शतकातला राजा) सैन्याचे गणवेश काढले, शस्त्रागारात जपून ठेवलेले शंभर वर्षांपूर्वीचे खरे कोट समोर ठेवून. काम पुरं व्हायला १८५७ साल उजाडलं, म्हणजे क्न्योटेल जन्मला ते वर्ष. आणि त्या ग्रंथाच्या प्रती किती काढल्या? तीस. राजेरजवाडे आणि ग्रंथालयं सोडली तर बघणार कोण? क्न्योटेलची पानं मात्र शाळामास्तर घ्यायचे, निवृत्त सार्जंट घ्यायचे, आणि कथलाचे खेळण्यातले शिपाई रंगवणारे तर घ्यायचेच.

आता भिंतीवरच्या माझ्या शिपायाबद्दल. १८०८ नंतर प्रशियानं आपल्या पायदळाला एक सोपी खूण लावून दिली. कोट सगळ्यांचा निळाच. कॉलरचा रंग प्रांताचा : पोमेरेनियाची पांढरी, सायलेशियाची पिवळी, ब्रांडेनबुर्गची लाल. आणि खांदपट्टीचा रंग म्हणजे त्या प्रांतातल्या पलटणीचा क्रमांक : पहिली पांढरी, दुसरी लाल, तिसरी पिवळी, चौथी फिकट निळी. तेव्हा कॉलर पिवळी आणि खांदपट्टी लाल म्हणजे सायलेशियाची दुसरी पलटण. चित्रकाराच्या स्वतःच्या मुलखातली पोरं!

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बरं, बँडवाला नाही."

त्याच्या बर्लिनमध्ये गणवेशाची किंमत काय होती याचीही एक खरी गोष्ट आहे, जमलं तर उद्या लिहितो.

पेंगुळलेला

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत! वाचनखूण साठवली. 'बरं, बँडवाला नाही' ला जोरात हसलो, ऑफिसात सगळे बघायला लागले.

दुसरी_बाजू

लेख छान आहे, पण मला कायम एक खटकतं. हे सगळं फार देखणं दिसतं हो. पिवळी कॉलर, लाल पट्टी, तुरे. पण त्या निळ्या कोटातला पोरगा पुढे नेपोलियनविरुद्धच्या लढाईत लाइप्झिगच्या चिखलात पडला असणार, तो कुठे आहे चित्रात? आणि ज्या काळात हा माणूस बटणं मोजत होता त्याच काळात जर्मनी पुढच्या महायुद्धाची तयारी करत होता. अशी चित्रं लहान मुलांच्या हातात दिली की युद्ध म्हणजे जत्रा वाटते.

(धाग्याचा काश्मीर करायचा नाहीये, म्हणजे भांडण पेटवायचं नाहीये, खरंच विचारतोय.)

स्प्रेकाठचा

@दुसरी_बाजू, नाही हो, प्रश्न रास्तच आहे, आणि पुरावा तुमच्याच बाजूनं आहे. १८९५ साली क्न्योटेल आणि कार्ल ऱ्योखलिंग या दोघांनी मिळून थोरल्या फ्रेडरिकवर पन्नास चित्रांचं पुस्तक केलं. ते घरोघरी, मुलांच्या हातात गेलं. पुढच्या वर्षी प्रशियाच्या राणी लुईजेवर तसंच दुसरं, त्यात तिसरा चित्रकार वोल्डेमार फ्रीडरिखही होता. राजा प्रेमळ, शिपाई हसरे, धूर नेमका पार्श्वभूमीला. ही पुस्तकं मी चाळली आहेत. कसब वादातीत, पण हेतू उघड आहे.

तरी मला त्याच माणसाची सुटी पानं वेगळी वाटतात. तिथे राजा नाही, विजय नाही. एक माणूस उभा आहे आणि त्याच्या अंगावर काय आहे ते नीट सांगितलंय. ते पान तुम्हाला लढ म्हणत नाही. बघ म्हणतं.

आणि काल राहिलेली गोष्ट. १६ ऑक्टोबर १९०६. विल्हेल्म फोइग्ट नावाचा चांभार, आयुष्यातली बरीच वर्षं तुरुंगात काढलेला, जुन्या कपड्यांच्या दुकानांतून तुकडे तुकडे जमवून कप्तानाचा गणवेश चढवतो. रस्त्यात भेटलेल्या शिपायांना "माझ्या मागे या" म्हणतो. ते येतात! त्यांना रेल्वेनं क्योपेनिकला नेतो, नगरपालिकेचा ताबा घेतो, महापौराला अटक करतो, तिजोरीतले साडेतीन हजारांहून जास्त मार्क पावती देऊन उचलतो आणि पसार होतो. कागद न बघताच सगळ्यांनी त्याचं ऐकलं. काही दिवसांनी सापडला, शिक्षा झाली, पण सगळं जग हसत होतं. १९०८ साली कैसरनं, म्हणजे जर्मन सम्राटानं, त्याला माफी देऊन टाकली. आज त्याच नगरपालिकेच्या पायऱ्यांवर त्याचा पुतळा आहे. माझ्या घरापासून ट्रामनं वीस मिनिटं.

क्न्योटेल तेव्हा याच शहरात बसून बटणं रंगवत होता. असं वाटतं, त्याला विचारलं असतं तर त्यानं तो कप्तान लांबूनच ओळखला असता.

सुभेदार_नि

प्रथमच लिहितो आहे. टंकायला वेळ लागतो, समजून घ्या.

मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालो. बेळगावच्या सेंटरला रंगरूट म्हणून गेलो तेव्हा पहिला धडा बंदुकीचा नव्हता, बक्कल ब्रासो लावून चमकवायचा होता. उस्ताद म्हणायचा, बक्कलमध्ये तुझं तोंड दिसलं पाहिजे, आणि ते तोंडही दाढी केलेलं दिसलं पाहिजे.

तुमच्या त्या कॉलर-खांदपट्टीसारखंच आमच्याकडेही होतं. इंग्रजांच्या वेळी लाल डगल्याची कॉलर आणि बाहीचा कफ वेगळ्या रंगाचा असे, त्याला फेसिंग म्हणत. आमच्या रेजिमेंटातल्या दुसऱ्या बटालियनला आजही 'काली पांचवी' म्हणतात. ही मूळची मुंबई सैन्याची पाचवी पलटण, आणि तिचं फेसिंग काळं. लाल डगला कधीच गेला, नंबरसुद्धा बदलले, पण नाव काळीच. १८४० साली बलुचिस्तानात काहानच्या किल्ल्यात याच पलटणीचे जवान महिनोन् महिने वेढ्यात टिकून राहिले, आणि त्यानंतर तिला लाइट इन्फन्ट्रीचा मान मिळाला.

दुसरी_बाजू यांना एक सांगतो. चित्रात मेलेला माणूस नाही हे खरं. पण पलटणीत जो मेला त्याचं नाव त्या रंगाला चिकटून राहतं. बाहेरच्याला ती नुसती काळी पट्टी दिसते.

पेंगुळलेला

सुभेदारसाहेब, कडक सलाम. अजून लिहा.

रंगपेटी

मी कमर्शिअल आर्टवाली, पुस्तकांसाठी चित्रं काढून पोट भरते, त्यामुळे धंद्यातलं थोडं सांगते. लोकांना वाटतं गणवेश काढणं म्हणजे नियमावली वाचायची आणि रंग भरायचे. प्रत्यक्षात नियमावली हा सगळ्यात फसवा पुरावा. त्यात काय घालायला हवं ते असतं. काय घातलं होतं ते नसतं.

नेपोलियनचे शिपाई घ्या. कागदावर पांढरी विजार, गुडघ्यापर्यंत गेटर (पायाला बटणांनी बांधायची कापडी पट्टी), सगळं टापटीप. आणि स्पेनमध्ये दोन वर्षं काढलेला खरा शिपाई? मठातल्या जोग्यांच्या तपकिरी कापडाची विजार, वर मळका ओव्हरकोट, टोपीला मेणकापडाची खोळ. मग चित्रकारानं कोणता काढायचा?

म्हणून त्या त्या वेळी, त्या त्या गावात डोळ्यांनी बघून काढलेली चित्रं सोन्याच्या मोलाची. हॅम्बुर्गचे सूर बंधू असेच. नेपोलियनच्या काळात त्यांच्या शहरातून फ्रेंच गेले, स्पॅनिश गेले, डच गेले, आणि यांनी दारात उभं राहून टिपून ठेवले. नियमात नसलेल्या कितीतरी गोष्टी तिथे सापडतात.

दुसरा फसवा पुरावा म्हणजे संग्रहालयातला खरा कोट. काळा रंग पतंगीच्या जातीच्या लाकडाचा असेल तर शंभर वर्षांत तपकिरी होतो. चित्रकार तपकिरी काढून मोकळा. नीळ मात्र टिकते.

तिसरा, फोटो. जुन्या फिल्मला निळा रंग फार 'दिसायचा' आणि लाल जवळपास दिसायचाच नाही. म्हणजे कृष्णधवल फोटोत आकाशी निळं कापड पांढरट येतं आणि लाल कापड काळं. फ्रेंच शिपायांची लालभडक तुमान १९१४ च्या फोटोत काळपट दिसते ती यामुळेच. हे माहीत नसलेल्या माणसानं फोटो रंगवला की सगळंच उलटं.

आणि एकदा छापलं गेलं की संपलं. पुढचा चित्रकार त्यावरून काढतो, त्यावरून तिसरा, त्यावरून खेळणी, त्यावरून सिनेमा. एक चुकीचा कफ शंभर वर्षं जगतो. म्हणून क्न्योटेलसारख्या माणसाबद्दल आदर वाटतो आणि धास्तीही. त्याच्यावरून किती जणांनी काढलं असेल!

काजाबटण

+१००० रंगपेटीताई.

वडील कॅम्पात शिंपी होते, लष्करी अधिकाऱ्यांचे कोट शिवायचे. मी धंदा पुढे चालवला नाही पण शिवण कळते. युद्धाच्या चित्रांत मी आधी काखेकडे बघतो. खरा शिवलेला कोट हात वर केला की काखेतून सगळाच वर ओढला जातो, विशेषतः जुना घट्ट बेतलेला. बरेच चित्रकार शिपायाला तलवार उगारायला लावतात आणि कोट मात्र खाली शांत लोंबत असतो. असा कोट जगात कुठला शिंपी शिवू शकत नाही.

दुसरं, पाठ. समोरून सगळेच काढतात. पाठीमागची शिवण कुठे मिळते, कमरेची बटणं किती, शेपटीची दुमड कशी, हे ज्यानं काढलंय त्यानं कोट खरोखर हातात घेतलाय. गणवेशांच्या चांगल्या पानावर एक तरी गडी पाठमोरा असतोच, ते उगाच नाही.

धागाकर्त्यांना प्रश्न : निळाच कोट का? निळीचं रंगकाम तर महाग.

स्प्रेकाठचा

@काजाबटण, काखेचं वाचून माझं पान भिंतीवरून काढून पाहिलं. गडी नुसता उभा आहे, पास झाला. :)

निळीबद्दल : युरोपात आधी वोड नावाच्या झाडाचा निळा रंग होता, मग आपल्याकडची आणि अमेरिकेतली नीळ आली. पक्की बसते, मळ दिसत नाही, उन्हापावसात टिकते. पण समुद्रावर इंग्रजांचं राज्य होतं. नेपोलियनशी युद्ध पेटल्यावर फ्रान्सला नीळ मिळेना. १८०६ साली फर्मान निघालं : पायदळाला पांढरे कोट. काही पलटणींना ते मिळालेही. थोड्याच काळात प्रकरण गुंडाळलं. पांढऱ्यावर चिखल आणि रक्त काय दिसत असेल याची कल्पना करा. ज्या पलटणींनी तो पांढरा कोट थोडाच काळ घातला त्यांची चित्रं गणवेशवाले फार आवडीनं काढतात. बंगालच्या शेतातली नीळ जहाजावर अडली म्हणून फ्रेंच शिपाई पांढरा झाला, आणि चित्रकाराला एक पान जास्तीचं मिळालं.

चौकस

अवांतर : आपल्याकडे असं काम कोणी का केलं नाही? शिवकालीन सैन्याची अशी पानं असती तर? मालिकांमध्ये सगळ्या मावळ्यांना एकाच ताग्यातले कपडे घालतात ते बघवत नाही.

रंगपेटी

@चौकस, कारण गणवेशच नव्हता! घोडदळात बारगीर आणि शिलेदार. बारगिराला घोडा सरकारी, शिलेदार घोडा आणि हत्यार स्वतःचं घेऊन येणार. कपडा ज्याचा त्याचा, ऐपतीप्रमाणे. बटणं मोजायला बटणं तर हवीत ना, आपल्या अंगरख्याला बंद असायचे. म्हणजे इथे चित्रकाराला नियमावलीचा आधारच नाही, समकालीन लघुचित्रं आणि परदेशी प्रवाशांची वर्णनं एवढ्यावर भागवायचं. एका रांगेत दहा मावळे काढायचे तर दहा वेगळे माणूस काढावे लागतील. ते महाग पडतं, म्हणून एक तागा.

बाहेरच्यांपैकी हे आव्हान ज्यानं छान पेललं तो अँगस मॅकब्राइड. १९३१ साली लंडनमध्ये जन्मला, आईवडील स्कॉटिश, दोघंही लहानपणीच गेले. चित्रकला स्वतःच शिकला. दक्षिण आफ्रिकेत जाहिरातीत कामं केली, इंग्लंडला परतून मुलांच्या साप्ताहिकांसाठी काढलं, आणि १९७५ पासून एका ब्रिटिश प्रकाशनासाठी गणवेशांच्या पातळ पुस्तिका रंगवू लागला. पुढे पुन्हा केप टाउनला जाऊन तिथून टपालानं चित्रं पाठवायचा. २००७ मध्ये आयर्लंडमध्ये गेला. मोगल हिंदुस्थानवरच्या पुस्तिकेतली चित्रंही त्याचीच. क्न्योटेलचा शिपाई आपल्यासाठी उभा राहतो. मॅकब्राइडचा काहीतरी करत असतो, खोगीर कसतो, पळतो, भांडतो. माझी आवड विचाराल तर मॅकब्राइड. पण बाहीवर किती बटणं हे विचाराल तर जर्मन म्हातारा.

सुभेदार_नि

आमच्या मेसमध्ये जुनी रंगीत चित्रं होती, लाल डगल्यातल्या मराठा जवानांची. खाली लव्हेट नाव होतं. हा कोण?

स्प्रेकाठचा

@सुभेदार_नि साहेब, आल्फ्रेड क्राउडी लव्हेट. जन्म १८६२. हा नुसता चित्रकार नव्हता, ग्लॉस्टरशायर रेजिमेंटचा अधिकारी होता. हिंदुस्थानी सैन्याची त्यानं काढलेली बहात्तर रंगीत चित्रं १९११ साली लंडनला पुस्तकात आली. मजकूर मॅकमन नावाच्या मेजरचा, प्रस्तावना फील्डमार्शल रॉबर्ट्सची. १९१४ साली लव्हेट स्वतः आपली बटालियन घेऊन फ्रान्समध्ये लढत होता. १९१९ मध्ये वारला.

चित्रं उत्तम. माणसांचे चेहरे खरे आहेत, एकासारखा एक नाही. पण दुसरी_बाजूंसाठी इथे मालमसाला आहे. रॉबर्ट्स हा 'लढाऊ जमातीं'च्या सिद्धांताचा मोठा पुरस्कर्ता. सरसेनापती असताना उत्तरेकडचे शीख, गुरखे, पठाण यांच्यावर त्याचा भर, मद्रास आणि मुंबईच्या पलटणी त्याच्या लेखी दुय्यम. मॅकमननं तर पुढे त्या सिद्धांतावर आख्खं पुस्तक लिहिलं. म्हणजे लव्हेटच्या चित्रातला माणूस गणवेशाबरोबरच एका जमातीचा 'नमुना' म्हणून उभा केलाय. आणि मग पहिल्या महायुद्धात त्याच दुय्यम मराठ्यांनी मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) काय केलं ते साहेबांना ठाऊक आहे.

सुभेदार_नि

कुट-अल-अमारा. ११७व्या पलटणीला त्यानंतर 'रॉयल' किताब मिळाला. एवढंच लिहितो.

दुसरी_बाजू

माझं मत थोडं बदलतंय, पूर्ण नाही. 'नमुना' हा शब्द मात्र लक्षात ठेवीन.

क्न्योटेलचं पुढे काय झालं ते सांगितलंच नाहीत.

स्प्रेकाठचा

हो, राहिलंच.

त्याच्या डोळ्यांदेखत रंग जायला लागले होते. बिनधुराची दारू आली, लांब पल्ल्याची रायफल आली. लढाईच्या मैदानात धूरच नाही म्हटल्यावर लाल-निळा माणूस म्हणजे नेमबाजीची चांदमारी. इंग्रजांनी खाकी उचलली, आणि ती तर आपल्याच बाजूची : पेशावरकडे लम्सडेन या इंग्रज अधिकाऱ्यानं १८४०च्या दशकात गाइड्स पलटणीसाठी काढलेली, शब्दही फारसी 'खाक'वरून. जर्मनांनी १९१० मध्ये युद्धासाठी राखाडी कापड ठरवलं. रंगीत कोट संचलनापुरता उरला.

फ्रेंचांना ते पटेना. त्यांचा गणवेशांचा मोठा चित्रकार एदुआर देताय, यानं आयुष्यभर जुने कोट-टोप जमवले होते. त्याला सरकारनं सांगितलं, तूच नवा गणवेश बेत. १९१२ साली त्याचा पोशाख शिपायांना घालून चाचणी झाली. चित्रातून उतरून खऱ्या माणसांच्या अंगावर! लोकांना तो नाटकातला वाटला, बारगळला. डिसेंबर १९१२ मध्ये देताय गेला. "लाल तुमान म्हणजेच फ्रान्स" असं माजी युद्धमंत्री एत्येनं ठणकावलं, आणि ऑगस्ट १९१४ मध्ये फ्रेंच पोरं त्याच लाल तुमानीत मशीनगनसमोर गेली.

क्न्योटेलनं ते पाहिलं नाही. तो २६ एप्रिल १९१४ रोजी बर्लिनमध्ये वारला, युद्धाला तीन महिने उरले होते. मुलगा हेर्बेर्ट, तोही चित्रकार, त्यानं बापाचं अर्धवट काम पुढे नेलं. बापानं १८९६ मध्ये गणवेशांचं एक हँडबुक लिहिलं होतं. हेर्बेर्टनं दुसऱ्या एका जाणकाराबरोबर त्याची सुधारित आवृत्ती १९३७ साली काढली. अजूनही संग्राहक तीच उघडतात. १९६३ मध्ये हेर्बेर्टही गेला.

या सगळ्या कागदांचं मोठं घबाड आज अमेरिकेत आहे, प्रॉव्हिडन्सच्या ब्राउन विद्यापीठात. त्याची सुरुवात भारी आहे. अ‍ॅन ब्राउन नावाची नवी नवरी १९३० मध्ये मधुचंद्राला युरोपात गेली आणि खेळण्यातले शिपाई घेऊन आली. मग प्रश्न पडला, यांचे रंग बरोबर आहेत का? ते तपासायला पुस्तकं, मग चित्रं, मग सगळं घरच.

(ही गोष्ट बायकोला मुद्दाम सांगितलेली नाही.)

अनुजा_सातारा

मी फक्त वाचक आहे, पण एक अडचण आहे आणि इथे जाणकार दिसतायत.

माझे पणजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले होते. घरात त्यांचा एकच फोटो आहे, कृष्णधवल, कुठल्याशा स्टुडिओत मोठा करून घेतलेला. तो फोनवरच्या अ‍ॅपमधून रंगीत केला तर कोट निळा आला आणि छातीवरच्या फिती जांभळ्या. रंगपेटीताईंचं वाचून कळलं की काहीतरी गडबड आहे. नक्की कुठला रंग असेल?

सुभेदार_नि

बेटा, निळा नाही. उष्ण मुलखात सुती खाकी, इटलीच्या थंडीत लोकरी बॅटलड्रेस. कापड जाड, खिसे मोठे आणि कोट कमरेशी संपतो का बघ. तसा असेल तर तो इटलीतला किंवा नंतरचा.

फिती कुठल्या बाजूला आहेत? छातीच्या डाव्या बाजूला असतात. म्हणजे फोटो बघताना तुझ्या उजव्या हाताला यायला हव्यात.

अनुजा_सातारा

काका, कोट कमरेशीच संपतो. पण फिती माझ्या डाव्या हाताला आहेत. दोनदा बघितलं.

काजाबटण

ताई, बटणपट्टी बघा. पुरुषाच्या कोटात डावा पल्ला वर येतो. म्हणजे बघणाऱ्याला वरची पट्टी उजवीकडून येऊन डावीकडे मिटलेली दिसते. तुमच्याकडे?

अनुजा_सातारा

उलटी. डावीकडून उजवीकडे.

रंगपेटी

निगेटिव्ह उलटी ठेवून मोठा केलाय. फोटो आरशातला आहे! फोनवर आडवा फ्लिप करून बघ.

अनुजा_सातारा

केला.

भांग दुसऱ्या बाजूला गेला, आणि भुवईवरची खोक आता डावीकडे आहे. आजोबा म्हणतात तिकडेच होती.

पणजी जाऊन बारा वर्षं झाली. शेवटी शेवटी त्या फोटोसमोर बसून म्हणायची, "हे ते न्हवंत. दुसरंच कोणतरी लावलंय." आम्ही समजायचो तिला आता आठवत नाही.

सुभेदार_नि

सरळ करून छापून घे. रंग भरू नकोस.

अनुजा_सातारा

हो काका. फ्रेमवाल्याकडेच आलेय. विचारतोय, काच नवी बसवू का.

सुभेदार_नि

जुनीच राहू दे.